घरगुती सिनेकॅमेरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या आठ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांबद्दल गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. (कार्ट्रिज, म्हणजे फिल्मची बंद डबी, घालायचे ते सुपर-८; त्याआधीचे, रिळं घालायचे ते रेग्युलर-८.) पत्रं सगळी किनारपट्टीवरून आली आहेत, आणि तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ बहुतेकदा एकच आहे. हे कॅमेरे झिजून मेलेले नाहीत. खारी हवा, गळलेले सेल आणि सुकून चिकट झालेलं ग्रीस यांनी त्यांना अडवून धरलं आहे. म्हणून पहिला स्क्रू काढण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं. खालच्या बहुतेक उत्तरांत बरीच जागा त्या शोधालाच दिली आहे.

आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी जपानहून आणलेला सुपर-८ कॅमेरा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. चार नवे सेल घातले, बटण दाबलं, काहीच होत नाही. सेलच्या कप्प्यात पांढरी बुकटी साचली आहे. मोटार जळली असेल का? (मालवण)

मोटारीवर संशय सगळ्यांत शेवटी घ्या. हा दोष दहांतल्या नऊ वेळा सेलचा कप्पा आणि बटण यांच्या मधल्या वाटेत असतो.

आधी ती बुकटी कसली आहे ते ठरवा, कारण दोन प्रकारच्या सेलची गळती उलट स्वभावाची असते. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि हवेशी संयोग होऊन त्याचं पांढरं कार्बोनेट होतं. ते आम्लाने धुवावं लागतं. पूर्वी वाण्याकडे मिळणाऱ्या साध्या झिंक-कार्बन सेलची गळती मात्र स्वतःच आम्लधर्मी असते. तिच्यावर व्हिनेगर लावलं तर पत्रा आणखी खाल्ला जातो. ओळखायला हळद पुरते. थोडी बुकटी टूथपिकने खरवडून कागदावर घ्या आणि त्यावर हळदीच्या पाण्याचा थेंब टाका. थेंब लाल झाला तर गळती अल्कलाइनची, पिवळाच राहिला तर झिंक-कार्बनची. ही चाचणी कागदावरच करा, कॅमेऱ्यात हळद नको.

अल्कलाइन असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये इअरबड जेमतेम ओला करून पुसा. झिंक-कार्बन असेल तर अर्ध्या कप पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्याने पुसा. कॅमेरा असा धरा की ओघळ हँडलच्या आत न जाता बाहेर येईल. मग डिस्टिल्ड वॉटर, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार मागे राहतात. हातात मोजे हवेत. एखादा सेल फुगून अडकला असेल तर कडेने व्हिनेगरचे थेंब सोडून पंधरा मिनिटं थांबा आणि हँडल तळहातावर आपटा. सेलला भोक पाडून ओढायचा प्रयत्न कधीही करू नका.

पत्र्याच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा काचतंतूंच्या पेनाने किंवा फार बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. निकेलचा मुलामा उडालेली स्प्रिंग आज चालेल, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजेल. टीव्हीच्या बाद रिमोटमधली स्प्रिंग कापून बसवणं जास्त टिकाऊ.

आता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. चार ताज्या अल्कलाइन सेलचे सहा व्होल्टपेक्षा थोडे जास्त दिसायला हवेत. बटण दाबल्यावर आकडा चार-साडेचारच्या खाली कोसळला तर संपर्क अजून खराब आहे. आकडा तसूभरही हलला नाही तर वीज पुढे जातच नाही. तेव्हा बटणाचं लॉक आधी बघा. अनेक कॅमेऱ्यांत ते बटणाभोवतीच्या कड्यात असतं आणि नजरेतून सुटतं. लॉक उघडं असेल तर सेल काढून बटण पन्नासेक वेळा दाबा-सोडा. आतल्या पितळी पात्यांवरचा थर पुष्कळदा एवढ्यानेच झडतो.

तरीही शांतता असेल तर सेलच्या कप्प्यातून निघणारी वायर, त्यातही ऋण बाजूची, तपासा. अल्कली वायरच्या प्लॅस्टिकखाली शिरून आतून सरकत जाते. वायर बाहेरून धडधाकट दिसते, सोलली की तांबं काळंकुट्ट. अशा तांब्यावर सोल्डर धरत नाही. लाल तांबं दिसेपर्यंत वायर कापत जा, आणि तुकडा अपुरा पडला तर पूर्ण वायर बदला.

हँडल उघडताना एक काळजी घ्या. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानक, मापाचे असतात. साध्या फिलिप्स ड्रायव्हरने त्यांची फुली सोलवटते आणि मग स्क्रू निघतच नाही. जेआयएस ड्रायव्हर मागवा. या कामात पैसे खर्च करावेत असं पहिलं हत्यार तेच.

शेवटची तपासणी मोटारीची. बाहेरच्या चार सेलच्या होल्डरमधून दोन वायरी थेट मोटारीच्या टोकांना क्षणभर टेकवा. मोटार फिरली तर ती शाबूत आहे. वायरी सर्किट बोर्डाला लावू नका. धन-ऋण उलटं झालं तर वेग सांभाळणारा ट्रान्झिस्टर जातो.

कॅमेरा चालू झाला. घरघर येते, किती फिल्म गेली ते दाखवणारा फुटेजचा काटाही सरकतो. पण फिल्म धुऊन आली तेव्हा सुरुवातीला चित्र आणि पुढची सगळी कोरी! (अलिबाग)

बहुतेक सुपर-८ कॅमेऱ्यांत तो काटा गिअरवर चालतो. फिल्म अडकली तरी तो शेवटपर्यंत जातो, त्यामुळे त्याची साक्ष धरू नका.

कार्ट्रिजच्या कप्प्यात दोन हलणाऱ्या गोष्टी दिसतील. गेटजवळचा (गेट म्हणजे लेन्समागची, फिल्म जिथून सरकते ती चौकट) नखासारखा बारीक क्लॉ फिल्म एकेक फ्रेम खाली ओढतो, आणि मधली दातेरी खुंटी कार्ट्रिजच्या आत फिल्म गुंडाळते. खुंटी कमजोर झाली की ओढलेली फिल्म आत साचते, गच्च होते आणि गेटमध्ये थांबते. कॅमेरा चालू ठेवून खुंटी दोन बोटांनी हलकेच धरा. तिने थोडा जोर दाखवून मग घसरायला हवं. नुसत्या स्पर्शाने थांबत असेल तर तिच्या खालच्या क्लचवर तेल उतरलं आहे किंवा रबरी पट्टा असलेल्या मॉडेलमध्ये तो सैल पडला आहे. क्लचच्या चकत्या अल्कोहोलने कोरड्या पुसा. तिथे तेल अजिबात नको, कारण क्लच घर्षणावरच चालतो.

खात्री करायला मुदत संपलेलं एखादं कार्ट्रिज बळी द्या. गेटमध्ये दिसणाऱ्या फिल्मवर मार्करने ठिपका करा आणि एक सेकंद कॅमेरा चालवा. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने फिल्म साडेसात सेंटिमीटर पुढे जायला हवी, म्हणजे ठिपका दिसेनासा होईल. असं कार्ट्रिजच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी करा. पन्नास फूट संपायला ३ मिनिटं २० सेकंद लागतात. याहून बराच फरक पडला तर वेग चुकतोय.

दोष कार्ट्रिजचाही असू शकतो. नवीन कार्ट्रिज घालण्याआधी ते तळहातावर सपाट आपटा आणि मधला गाभा बोटाने हलकेच फिरवून ढील काढा. तो एकाच दिशेने फिरतो, उलट जबरदस्ती करू नका.

घरी चावीचा रेग्युलर-८ कॅमेरा आहे. चावी पूर्ण बसते, पण दहा सेकंदांत तो मंदावतो आणि थांबतो. शेजारचे म्हणतात, खोबरेल सोडा. (गुहागर)

खोबरेल सोडू नका. ते साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, आणि पुढे खवट होऊन चिकट राळ बनतं. फवाऱ्याने मारायचं गंजविरोधी तेलही नको. ते उडून शटरच्या पात्यांवर आणि लेन्सच्या आत जातं.

आधी गेट बघा. जुन्या फिल्मचा सुकलेला थर तिथे साचला की फिल्म घासते आणि स्प्रिंगचा सगळा जोर तिथेच जातो. बांबूची टूथपिक अल्कोहोलमध्ये भिजवून तो सोडवा. धातूची सुई लावली आणि गेटवर ओरखडा उठला, तर पुढच्या प्रत्येक फिल्मवर उभी रेघ येईल.

मग फिल्म न घालता चालवा. पूर्ण चावीवर असे बहुतेक कॅमेरे अर्धा मिनिट तरी एका लयीत चालतात. वेग मोजायला मोबाइल पुरतो. दार उघडं ठेवा, लेन्स खिडकीकडे करा आणि गेटमधून दिसणारं शटर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये टिपा. क्लिप फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत शटरच्या दहा फेऱ्या मोजा. दहा फेऱ्यांना १५० फ्रेम लागल्या तर वेग सेकंदाला १६, म्हणजे रेग्युलर-८ चा नेहमीचा. १३३ लागल्या तर १८, शंभर लागल्या तर २४. तुमच्या कॅमेऱ्यात सुरुवातीला १५० आणि शेवटी दोनशेच्या पुढे आकडा जाईल असा अंदाज आहे. ती सुकलेल्या ग्रीसची खूण.

कॅमेरा वर्षानुवर्षं पडून असेल तर आठ-दहा वेळा पूर्ण चावी देऊन रिकामा चालवा. ग्रीस नुसतं आळसावलेलं असलं तर वेग परत येतो आणि उघडायची गरजच पडत नाही.

उघडावा लागलाच तर स्प्रिंग पूर्ण उतरवून घ्या. चावी दिलेला कॅमेरा उघडणं धोक्याचं आहे. बाजूचं झाकण तीन-चार स्क्रूंवर असतं, त्यातला एखादा चामड्याच्या आवरणाखाली दडलेला असतो. चावीचा मधला स्क्रू पुष्कळदा उलट आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दुसरी दिशा हलकेच करून बघा. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. स्क्रू निघतील त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते.

आत गोल डबी दिसेल, तीत मुख्य स्प्रिंग आहे. ती डबी उघडायची नाही. आतली पोलादी पट्टी सुटली तर बोटं कापते, आणि ती परत भरायला वेगळं साधन लागतं. चावी नुसती फिरतच राहते, ताण येतच नाही, असं असेल तर स्प्रिंग तुटली आहे किंवा टोकाची कडी निसटली आहे. ते काम भिंतीवरच्या घड्याळांच्या जाणत्या कारागिराकडे न्या. तालुक्याच्या गावी असा एखादा माणूस अजून भेटतो, आणि त्याचा हात या कामात चांगला बसलेला असतो.

गिअरवरचं जुनं ग्रीस काढायला लायटर फ्लुइड आणि बारीक ब्रश घ्या. ते पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि खोलीत समई, उदबत्ती, गॅस काही नको. ब्रश थोडाच ओला करा, पुसा, चार दात फिरवा, पुन्हा पुसा. शटर, लेन्स आणि प्रकाश मोजणाऱ्या मीटरकडे ओघळ जाता कामा नये. दोन-तीन वेळा केल्यावर एक रात्र सुकू द्या.

तेल घड्याळाचं घ्या. सुईच्या टोकावर मावेल तेवढाच थेंब, तोही फक्त आसाची टोकं जिथे पट्टीत बसतात तिथे. गिअरच्या दातांना तेल नाही, हलक्या ग्रीसचा नुसता हात. वेग धरून ठेवणारा गव्हर्नर, म्हणजे फिरताना बाहेर फाकणारी वजनं, त्याच्या आसाला थेंब चालतो. त्याच्या ब्रेकच्या चकतीला मॉडेलच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच. तिथे तेल जास्त झालं तर कॅमेरा मंद होण्याऐवजी भरधाव सुटतो.

काम झाल्यावर ठेवताना चावी उतरवून ठेवा.

लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. उन्हात ठेवून पाहिलं, गेले नाहीत. (वेंगुर्ले)

ती बुरशी आहे. उन्हाने तिची वाढ थांबू शकते, पण मेलेले धागे काचेवर तसेच राहतात. शिवाय उन्हात कॅमेरा तापला की ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राच्या, पात्यांवर उतरतं. म्हणून कोकणातल्या उन्हात कॅमेरा मुळीच ठेवू नका.

शटर उघडं असताना मागून टॉर्च मारून बुरशी कोणत्या काचेवर आहे ते बघा. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला असेल तर काम घरी होण्याजोगं आहे. नावाची रिंग रबरी बुचाने दाबून फिरवा, खाली दोन खाचांची रिंग लागेल, ती लेन्स स्पॅनरने सोडवा. सोडवण्याआधी काचेची बाजू आणि रिंगची जागा पेन्सिलने खुणवा. काच अर्धा आटा इकडेतिकडे बसली तरी फोकस सरकतो, आणि आठ मिलिमीटरच्या फ्रेममध्ये ते लगेच दिसतं.

औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ६ टक्क्यांचं असतं. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. कापसाचा ओला बोळा पाच मिनिटं काचेवर ठेवा. मग डिस्टिल्ड वॉटर, अल्कोहोल आणि धुतलेलं मायक्रोफायबर, मधून कडेकडे. दोन काचा चिकटवलेला भाग द्रावात बुडवू नका. धागे गेल्यावर त्यांच्या जागी फिकट रेषा उरल्या तर बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला आहे. त्या जात नाहीत, पण सूर्यासमोर कॅमेरा धरला नाही तर चित्रात जाणवतही नाहीत. बुरशी झूमच्या मधल्या काचांत असेल तर हात घालू नका.

मीटरचा बटणसेल आता मिळत नाही. दुकानदाराने तसाच दिसणारा दिला, पण चित्रं काळपट येतात. (रत्नागिरी)

मूळ सेल पाऱ्याचा, ६२५ मापाचा, १.३५ व्होल्टचा होता. तुम्हाला मिळाला तो अल्कलाइन, १.५ व्होल्टचा. जादा दाबामुळे मीटरला प्रकाश आहे त्याहून जास्त वाटतो आणि तो अपर्चर मिटवतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल वापरा, तो १.४ व्होल्टचा असतो. व्यास कमी आहे, म्हणून भोवती रबरी ओ-रिंग बसवा. त्याची भोकं बुजवू नका, तो हवेवर चालतो. भोकांवरचं स्टिकर काढल्यावर आपल्या दमट हवेत फार टिकत नाही, तेव्हा शूटिंगच्या दिवशीच काढा.

मीटर पूर्ण गेला असेल आणि कॅमेऱ्यात हाताने अपर्चर लावता येत असेल तर अंदाज सोपा आहे. ५० आयएसओची फिल्म, १८ फ्रेमचा वेग, स्वच्छ ऊन: एफ १६. दुपारच्या पुळणीवर एफ २२. ढगाळ श्रावणात एफ ५.६ च्या आसपास.

काकांच्या सामानात शूट केलेलं पण न धुतलेलं कोडाक्रोम कार्ट्रिज आहे. शिवाय जुन्या रिळांना आंबट वास येतो. (देवगड)

कोडाक्रोमचे रंग आता मिळणार नाहीत. कोडॅकने ती फिल्म २००९ साली बंद केली, आणि तिची के-१४ ही रासायनिक प्रक्रिया करणारी शेवटची प्रयोगशाळाही त्यानंतर थोड्याच काळात थांबली. कृष्णधवल निगेटिव्ह म्हणून ती अजून धुता येते. चित्र रवाळ येईल, कदाचित धुरकट, पण माणसं ओळखू येतील. हे काम करणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवताना ‘कोडाक्रोम, कृष्णधवल धुवावी’ असं पाकिटावर स्पष्ट लिहा. चुकून दुसऱ्या रंगीत प्रक्रियेत गेली तर हाती काही लागत नाही.

आंबट वास म्हणजे ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे आणि तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आहे. उष्णता आणि दमटपणा हे वाढवतात, आणि एका रिळाची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. वासाची रिळं आजच वेगळी करा. हवाबंद डब्यात कोंडू नका. प्रोजेक्टरवर चालवू नका, कारण आक्रसलेली फिल्म दात्यांवर फाटते. त्यांचं डिजिटल स्कॅनिंग पहिलं करून घ्या. वास न येणारी रिळं थांबू शकतात, ही नाही.

दुरुस्त केलेला कॅमेरा पावसाळ्यात ठेवायचा कसा? कपाटात डांबरगोळ्या आहेत. (दापोली)

डांबरगोळ्या आधी काढा. त्यांची वाफ काचेवर बसते आणि काही प्लॅस्टिक मऊ पाडते. चामड्याची मूळ पिशवीही दूर ठेवा, बुरा पहिला तिथेच धरतो.

रबरी कडांचा, घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घ्या. त्यात सिलिका जेल घाला आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. साठच्या पुढे गेला की जेल बदला, सत्तरच्या वर बुरशी सुखाने वाढते. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा आणि पूर्ण निवल्यावर परत घाला. ज्या जेलचा निळा रंग गुलाबी होतो त्यात कोबाल्ट असतं. ते स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका, नारंगी जेल घेतलेलं बरं. तांदूळ टाकून भागत नाही, त्याची पूड गिअरमध्ये जाते.

सगळे सेल काढून ठेवा. महिन्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, कॅमेरा बाहेर काढून सेल घाला आणि अर्धा मिनिट रिकामा चालवा. झूम आणि फोकसच्या रिंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.